विजेवरचे भांडण आणि सवलतीवरची शांतता : बीड जिल्ह्यातून दिसणारा इतिहास

ऊर्जाधोरण आणि पक्षांचे राजकारण हा विषय आपण बहुतेक वेळा मुंबईतून नाहीतर दिल्लीतून पाहतो. आज आम्ही तो बीड जिल्ह्यातून पाहणार आहोत. महाराष्ट्राच्या विजेच्या राजकारणातली जवळजवळ सगळी पात्रे या एका जिल्ह्यात भेटतात. कोळशावर चालणारे सरकारी केंद्र आहे, एन्रॉनविरुद्ध रान उठवणारा नेता आहे, साखर कारखाने आहेत, कृषिपंपांची थकलेली बिले आहेत, आणि आता डोंगरमाथ्यावर पवनचक्क्याही आहेत.

एका महिन्यापासून सुरुवात करू. फेब्रुवारी २०१३. मराठवाड्यात मोठा दुष्काळ. जायकवाडीचे पाणी मृतसाठ्याच्या आसपास गेलेले. परळीच्या औष्णिक केंद्राला पाणी पुरवणारा गोदावरीवरचा खडका बंधारा आटला, आणि एकेक करत संच थांबवत शेवटी १,१३० मेगावॅटचे ते सगळे केंद्रच बंद पडले. कोळसा होता, यंत्रे होती, माणसे होती. पाणी नव्हते.

त्याच महिन्याच्या २८ तारखेला दिल्लीत पी. चिदंबरम यांनी अर्थसंकल्प मांडला. पवनऊर्जेला दर युनिटमागे मिळणारे प्रोत्साहन पुन्हा सुरू करू, त्यासाठी ८०० कोटी ठेवले आहेत, असे त्यात एक वाक्य होते. 'पुन्हा' हा शब्द लक्षात ठेवा. हे प्रोत्साहन वर्षभरापूर्वी संपले होते, आणि त्याच सुमारास, १ एप्रिल २०१२ पासून, पवनचक्कीवरची घसाऱ्याची मोठी सवलतही काढून घेतली होती. परिणाम काय झाला? देशात २०११-१२ मध्ये सुमारे ३,२०० मेगावॅट पवनऊर्जा उभी राहिली होती. पुढच्या वर्षी ती १,७०० वर आली. म्हणजे जवळजवळ निम्मी.

आता बघा. पाण्यावाचून कोळशाचे केंद्र बंद पडते, आणि जिला पाणी लागत नाही ती वीज त्याच वर्षी निम्म्यावर येते. या दोन गोष्टींचा संबंध विधानसभेत कुणी जोडला का? त्या एप्रिलमध्ये सभागृह बंद पडले होते हे खरे, पण ते इंदापूरच्या सभेतल्या एका वक्तव्यावरून. धरणात पाणी नाही आणि भारनियमन आहे, यावर उपमुख्यमंत्री अजित पवार जे बोलले त्यावरून. त्यांनी माफी मागितली, कऱ्हाडला एक दिवस उपोषणही केले. वक्तव्य निषेधार्ह होतेच. पण सारा आवाज तिथे खर्च झाला.

आम्हाला आज एवढाच प्रश्न उलगडायचा आहे. विजेवर इतके कडाक्याचे भांडणारे आपले पक्ष करसवलतीवर गप्प का असतात? आणि या गप्प राहण्याची किंमत कुठे मोजली जाते?

आधी परळीबद्दल थोडे. बीड हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातला जिल्हा. १९५६ ला मुंबई द्विभाषिकात आला, १९६० ला महाराष्ट्रात. त्याच १९६० साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ झाले, आणि मराठवाड्याचा अनुशेष हा शब्द रूढ होऊ लागला तेव्हा परळीचे केंद्र हे त्यावरचे ठळक उत्तर होते. १९७१ च्या सुमारास ३० मेगावॅटचे लहान संच लागले. ऐंशीच्या दशकात २१० मेगावॅटचे तीन, आणि २००७ नंतर २५० चे. कोळसा रेल्वेने लांबून यायचा, पाणी गोदावरीचे, राख मात्र परळीचीच. आणि ज्या तालुक्यात चिमणी, त्याच तालुक्यातल्या खेड्यांत २००५ नंतरच्या काळात तासन्‌तास भारनियमन. दिव्याखाली अंधार म्हणतात तो इथे अक्षरशः होता. वीज ग्रिडमध्ये जाते आणि ग्रिडला गाव माहीत नसते, हे खरे आहे. पण हे उत्तर रात्री दोन वाजता मोटार सुरू करायला रानात निघालेल्या माणसाला देऊन पाहा.

या परळी तालुक्यातल्या नाथ्रा गावचे गोपीनाथ मुंडे. आपल्या विषयाचा पहिला मोठा अंक त्यांच्याभोवती फिरतो.

१९९१ च्या आर्थिक सुधारणांनंतर केंद्राने खासगी वीजप्रकल्पांना दार उघडले. भांडवलावर १६ टक्के परतावा, पाच वर्षे करमाफी, यंत्रसामग्रीच्या आयात शुल्कात कपात. करसवलत ही फक्त वाऱ्या-सूर्याच्या विजेची गोष्ट नाही, हे इथेच नोंदवून ठेवू. कोळसा, वायू, नाफ्ता, सगळ्यांना ती मिळत आली आहे. जून १९९२ मध्ये एन्रॉनची माणसे आली आणि काही दिवसांतच विद्युत मंडळाशी सामंजस्य करार झाला. ८ डिसेंबर १९९३ ला वीजखरेदी करार झाला. तेव्हा मुख्यमंत्री शरद पवार. स्पर्धात्मक निविदा नव्हती. दर डॉलरशी बांधलेला. वीज घेतली नाही तरी मंडळाने ९० टक्के क्षमतेच्या हिशेबाने पैसे मोजायचे. राज्याची हमी, आणि त्यावर केंद्राची प्रतिहमी. पुण्याच्या 'प्रयास'च्या अभ्यासकांनी हा करार आकडे मांडून उलगडला. एरवी वीजदराचे गणित वाचण्याच्या भानगडीत न पडणारे आपण मराठी लोक त्या काळात 'स्थिर आकार' आणि 'इंधन आकार' यांवर वाद घालत होतो.

विरोधी पक्षनेते म्हणून मुंडे यांनी हा विषय उचलला. एन्रॉन अरबी समुद्रात बुडवू, ही १९९५ च्या प्रचारातली घोषणा आजही लोकांच्या तोंडी आहे. मार्च १९९५ मध्ये शिवसेना-भाजप युती सत्तेवर आली. मुंडे उपमुख्यमंत्री झाले, गृह आणि ऊर्जा ही खाती त्यांच्याकडे. कराराचा फेरविचार करणाऱ्या मंत्रिगटाचे प्रमुखही तेच. मंत्रिगटाने करार राज्याच्या हिताचा नाही असा निष्कर्ष काढला. ३ ऑगस्ट १९९५ ला मनोहर जोशी यांनी विधानसभेत प्रकल्प रद्द केल्याचे जाहीर केले. सरकारने उच्च न्यायालयात दावाही लावला.

आणि नोव्हेंबरमध्ये वाटाघाटी सुरू झाल्या. एन्रॉनतर्फे रिबेका मार्क आल्या. जानेवारी १९९६ मध्ये सुधारित कराराला मंजुरी मिळाली. आधी बांधिलकी होती ती ६९५ मेगावॅटच्या पहिल्या टप्प्याची; आता दुसऱ्या टप्प्यासह एकूण २,१८४ मेगावॅट. समुद्रात बुडवायचा प्रकल्प तिप्पट होऊन किनाऱ्याला लागला. दावा मागे घेतला गेला. मे १९९६ मध्ये केंद्रातल्या अटलबिहारी वाजपेयींच्या तेरा दिवसांच्या सरकारने, विश्वासमत गमावण्याच्या बेतात असताना, प्रतिहमीवर शिक्कामोर्तब केले.

हे सांगताना मुंडे यांना एकट्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करायचा आमचा हेतू नाही. करार मोडला असता तर लवादात मोठी भरपाई द्यावी लागेल ही भीती खरी होती. दुसरीकडे १९९९ ला सत्तेत आलेल्या काँग्रेस-राष्ट्रवादीच्या सरकारला त्याच दाभोळची बिले परवडेनात, म्हणून माधव गोडबोले समिती नेमावी लागली. मे २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. त्या डिसेंबरात अमेरिकेत एन्रॉनच दिवाळखोरीत गेली. २००५ मध्ये केंद्राच्या कंपन्यांनी मिळून रत्नागिरी गॅस अँड पॉवर काढून तो सांगाडा ताब्यात घेतला. ज्यांनी करार केला त्यांच्याच वारसांना तो मोडावा लागला, आणि ज्यांनी मोडला त्यांनीच तो वाढवला. आपल्याकडची पक्षीय कोंडी ही अशी असते. निर्णय अडत नाही. तो उलटतो, पुन्हा सुलटतो, आणि दर फेरीला बिलाची रक्कम वाढते.

एन्रॉनचा एक चांगला परिणाम झाला, तो सांगायला हवा. विजेचा दर ही जाहीर चर्चेची गोष्ट झाली. १९९८ च्या केंद्रीय कायद्यानंतर १९९९ मध्ये राज्यात वीज नियामक आयोग आला. दरवाढीवर जनसुनावणी होऊ लागली. ग्राहक संघटना तिथे कागदांचे गठ्ठे घेऊन जाऊ लागल्या.

आता याच काळात दुसऱ्या एका खोलीत काय चालले होते ते बघू.

पवनचक्क्या आपल्याकडे आल्या १९८६ मध्ये, किनाऱ्यावर: आपले रत्नागिरी, गुजरातेत ओखा, तमिळनाडूत तुतिकोरिन. ५५ किलोवॅटची ती लहान यंत्रे, प्रात्यक्षिकापुरती. धंदा सुरू झाला तो नव्वदच्या दशकात, आणि तो वाऱ्यापेक्षा जास्त आयकर नियमांवर चालला. याचे गणित सोपे आहे, एकदा करून पाहू. समजा एखाद्या कंपनीला वर्षाला ५ कोटी रुपये करपात्र नफा झाला, आणि कराचा दर ३५ टक्के आहे. म्हणजे पावणेदोन कोटी कर. त्या कंपनीने ५ कोटींची पवनचक्की घेतली. एरवी यंत्राची किंमत घसारा म्हणून अनेक वर्षांत थोडीथोडी वजा करता येते. पण पवनचक्कीला पहिल्याच वर्षी १०० टक्के घसारा मान्य होता. झाला की नफा शून्य! पावणेदोन कोटी त्या वर्षी खिशात राहिले. हा कर माफ झाला असे नव्हे, तो पुढे ढकलला गेला. पण धंद्यात पैसा पुढे ढकलणे म्हणजे काय ते व्यापाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

यात एक बारकावा आहे. पवनचक्की सुरू झाली एवढे पुरे. नंतर वारा किती वाहिला, किती युनिट निघाले, याच्याशी त्या घसाऱ्याचा संबंध नव्हता. शिवाय यंत्र वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरले तर सवलत निम्मी, म्हणून सगळी घाई ३० सप्टेंबरच्या आत, नाहीतर ३१ मार्चच्या आत. मोसमी वारा जूनमध्ये सुरू होतो. पण पवनचक्की उभी राहायची चार्टर्ड अकाउंटंटच्या पंचांगाप्रमाणे.

त्यात राज्याने भर घातली. १९९८ मध्ये, म्हणजे मुंडे उपमुख्यमंत्री असलेल्या युती सरकारच्याच काळात, महाराष्ट्राने पवनऊर्जा धोरण आणले आणि गुंतवणूकदारांना विक्रीकरातही मोठी सूट दिली. साताऱ्यात वनकुसवडे, चाळकेवाडीच्या पठारांवर पाती फिरू लागली. तुलसी तांती यांच्या सुझलॉनने यंत्रे उभारून, सांभाळून द्यायची. विकत घ्यायची बजाज ऑटोसारख्या नफ्यातल्या कंपन्यांनी. १९९९ ला सरकार बदलले. एन्रॉनवरून एकमेकांची उणीदुणी काढणाऱ्यांनी हे धोरण मात्र हसतखेळत पुढे चालवले. २००३ मध्ये नियामक आयोगाने पवनऊर्जेला साडेतीन रुपये युनिट आणि दरवर्षी १५ पैसे वाढ असा तेरा वर्षांचा दर ठरवून दिला. जनसुनावणी झाली ती या दराची. कराची सूट हा त्या सुनावणीचा विषयच नव्हता.

का बरे कुणी भांडले नाही? एक तर यंत्रणाच तशी आहे. घसाऱ्याचे दर आयकर नियमांच्या परिशिष्टात असतात, आणि ते केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळ अधिसूचना काढून बदलते. २०१२ ला सवलत गेली तीही अधिसूचनेने. सभागृहात हात वर करावे लागत नाहीत, म्हणून कुणाचा हात कुठे होता हे कळत नाही. आणि लाभ घेणारा कोणत्या एका पक्षाचा नसतो. याचे उत्तम उदाहरण उसाच्या चिपाडात आहे. साखर कारखान्यांनी चिपाडापासून वीज करावी म्हणून राज्याच्या २००८ च्या धोरणात ऊसखरेदी कर माफ करण्याची तरतूद होती. आता बीड जिल्ह्यातल्या कारखान्यांची नावे मनात आणा: परळीचा वैद्यनाथ, माजलगाव, गेवराईचा जय भवानी, अंबाजोगाईचा अंबासाखर. प्रत्येक नावामागे एक राजकीय घराणे किंवा गट उभा दिसतो, आणि सगळ्या पक्षांत मिळून ते विखुरलेले आहेत. असा कर माफ करायला विरोध करणार कोण? ऊस तोडायला याच जिल्ह्यातून लाखो माणसे दरसाल पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. त्यांच्या कोयत्याचा दर वाढवायचा तर मात्र संप, लवाद, बैठका, पुन्हा संप. ही तुलना आम्ही ओढूनताणून करत नाही. एकाच उसावरचे हे दोन हिशेब आहेत.

इथे अमेरिकेकडे थोडे वळू, कारण तिथे चित्र नेमके उलटे आहे. तिथे पवनऊर्जेची करसूट १९९२ च्या कायद्याने आली, युनिटमागे दीड सेंट. ती मुदतीची होती, आणि दर वेळी मुदत वाढवायला काँग्रेसचे मतदान लागायचे. १९९९, २००१ आणि २००३ मध्ये ती संपली आणि पुढच्या वर्षी उभारणी कोसळली. २०१२ मध्ये ती संपणार म्हणून तिथे एका वर्षात सुमारे १३,००० मेगावॅट लागले, आणि २०१३ मध्ये जेमतेम हजारभर. २०२२ चा हवामानविषयक मोठा कायदा सिनेटमध्ये ५१ विरुद्ध ५० ने झाला, उपराष्ट्राध्यक्षांच्या मताने. रिपब्लिकन पक्षाचे एकही मत त्याला नव्हते. जुलै २०२५ मध्ये दुसऱ्या पक्षाच्या सरकारने त्यातल्या पवन आणि सौर सवलती लवकर गुंडाळण्याचा कायदा केला. जिमी कार्टर यांनी १९७९ ला व्हाइट हाउसच्या छपरावर बसवलेली सौर तावदाने रेगन यांच्या काळात उतरवली गेली होती. तेव्हापासूनची ही ओढाताण.

म्हणजे उद्योगाला बसलेला धक्का तिथेही तोच आणि २०१२-१३ मध्ये इथेही तोच. फरक एवढाच की तिथे कुणामुळे हे मतदाराला सांगता येते. कोणत्या सिनेटरने काय मत दिले ते नोंदलेले असते. आपल्याकडे २०१२ ला सवलत काढणारे सरकार काँग्रेसप्रणीत, दुसरे प्रोत्साहन २०१३ ला परत आणणारे तेच, घसारा जुलै २०१४ ला परत देणारे अरुण जेटली भाजपचे, आणि २०१७ पासून तो ४० टक्क्यांवर आणणारे सरकारही तेच. चार निर्णय, आणि गावातल्या पारावर एकाचीही चर्चा नाही. तिथली कोंडी चांगली असे आम्ही म्हणत नाही. पण इथली शांतता म्हणजे एकमत, असेही कुणी समजू नये.

मग आपल्याकडे मतदान होते कशावर? बिलावर. २००४ चे साल घ्या. आंध्रात वाय. एस. राजशेखर रेड्डी मोफत विजेच्या आश्वासनावर निवडून आले. इकडे बाळासाहेब ठाकरे यांनी शेतकऱ्यांना मोफत वीज जाहीर केली, तर सुशीलकुमार शिंदे यांच्या सरकारने निवडणुकीआधीच ती देऊन टाकली. कृषिपंपांना शून्य रकमेची बिले गेली. ऑक्टोबरात आघाडी पुन्हा निवडून आली, विलासराव देशमुख मुख्यमंत्री झाले, आणि २००५ मध्ये मोफत वीज बंद. पुढची काही वर्षे भारनियमनाची. २०२० मध्ये टाळेबंदीतल्या वाढीव बिलांवर सवलत देऊ असे ऊर्जामंत्री नितीन राऊत सांगत होते. नोव्हेंबरात ते शक्य नाही असे त्यांनाच सांगावे लागले, आणि भाजपने बिलांची होळी केली. जुलै २०२४ मध्ये, विधानसभा चार महिन्यांवर असताना, महायुती सरकारने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मार्च २०२९ पर्यंत मोफत वीज दिली. सुमारे ४४ लाख शेतकरी, वर्षाला १४,७६० कोटी. त्यावर महाविकास आघाडीचा जाहीरनामा: तीनशे युनिटांपर्यंत वापर असलेल्यांना शंभर युनिट मोफत. त्यावर महायुतीचा: बिलात ३० टक्के कपात.

बीडच्या शेतकऱ्याला ही मदत नको होती असे कोण म्हणेल? कोरडवाहू जमीन, विहिरीला सहा महिने पाणी, आणि पंपाची थकबाकी व्याजासकट लाखांत. पण हे बिल अर्थसंकल्पात दिसते, म्हणून त्यावर 'रेवडी' असा शिक्का मारता येतो. संपादकीय लिहिता येते. घसाऱ्यावर कुणी रेवडी म्हणाले का? शब्दसुद्धा बघा. एकाला मिळते ती खैरात, दुसऱ्याला मिळते ते प्रोत्साहन.

आणि मुळातला भेद असा, की करसवलत घ्यायला आधी करपात्र नफा असावा लागतो. शेतीचे उत्पन्न आयकरात धरले जात नाही, आणि बालाघाटावरच्या पाच एकरवाल्याला नफा कुठला? स्वतःच्या माळावर स्वतःची पवनचक्की लावून घसारा मागायची सोय त्याला कायद्याने होती, पण ती घोड्यावाचून खोगिरासारखी. म्हणून वारा बीडचा, जमीन बीडची आणि सवलत पुण्या-मुंबईच्या ताळेबंदात, अशी वाटणी झाली. 'मागेल त्याला सौर कृषिपंप' योजनेत शेतकऱ्याने १० टक्के, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के भरायचे आणि बाकी अनुदान, ही पद्धत त्या दृष्टीने सरळ आहे. अर्ज, सातबारा, पाण्याचा स्रोत, पंपाची प्रतीक्षा, कंत्राटदाराच्या तक्रारी, सगळे आहे. पण निदान ज्याच्या रानात यंत्र त्याच्या नावावर मदत.

आता बालाघाटावर येऊ. पाटोदा, केज, बीडच्या बाजूला या डोंगररांगेच्या माथ्यावर गेल्या काही वर्षांत पवनचक्क्या आल्या. २०१७ नंतर धंद्याची रीत बदलली आहे. ठरलेला दर गेला, बोली आली. पहिल्याच लिलावात, फेब्रुवारी २०१७ मध्ये, दर ३ रुपये ४६ पैशांवर उतरला. घसारा आक्रसला तशी दुसरी सवलत मोठी झाली: ३० जून २०२५ पर्यंत सुरू होणाऱ्या प्रकल्पांना एका राज्यातून दुसऱ्या राज्यात वीज नेण्याचे पारेषण शुल्क पूर्ण माफ, त्यानंतर दरवर्षी पाव पाव भागाने ही माफी कमी. पुन्हा तारीख आली, म्हणजे पुन्हा घाई आली. दर कमी, मुदत जवळ, आणि जमीन मात्र एकेका सातबारावरची, भाऊहिश्शांची, काही इनामी. पात्यांना रस्ता हवा, तारांना मनोरे हवेत. त्याचा मावेजा किती, कुणी ठरवायचा, एकाला पाच लाख तर शेजाऱ्याला पन्नास हजार का, याचा कुठे फलक नाही. मध्यस्थ लागतो. मध्यस्थाला वजन लागते. जिथे नियम बोलत नाही तिथे वजन बोलते.

९ डिसेंबर २०२४ ला केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे अपहरण करून खून झाला. त्या भागात पवनऊर्जा प्रकल्प उभारणाऱ्या कंपनीकडे दोन कोटींची खंडणी मागितली गेली आणि त्या वादातून हे घडले, असे तपास यंत्रणांचे म्हणणे आहे. प्रकरण न्यायालयात आहे, म्हणून आरोपींबद्दल आम्ही इथे बोलणार नाही. त्याचे पडसाद मंत्रिमंडळापर्यंत गेले, मोर्चे निघाले, विधिमंडळाची अधिवेशने त्यावर गाजली, आणि ते योग्यच होते. पण त्या सगळ्या चर्चेत एक प्रश्न फारसा निघाला नाही. हजारो कोटींची गुंतवणूक एखाद्या तालुक्यात येते तेव्हा ग्रामपंचायतीच्या हातात अधिकृतपणे काय असते? केंद्राची सवलत आयकराच्या विवरणात, राज्याचे धोरण मंत्रालयात, आणि गावाच्या नमुना नंबर ८ च्या उताऱ्यात काय चढते? सरपंचाकडे लोक जातात ते भांडण सोडवायला. प्रकल्पाच्या करारात त्याची सही कुठेच नसते.

आमच्या मते बीडमध्ये जी गुंडगिरी दिसली तिला केवळ जातीच्या किंवा एका घराण्याच्या चौकटीत बसवून भागणार नाही. परळीच्या राखेवर, वाळूवर जे अर्थकारण वाढले, तेच आता वाऱ्याकडे वळू पाहते आहे. तिन्हींत समान गोष्ट हीच, की पैसा मोठा आणि त्याचा गावापाशी जाहीर हिशेब नाही.

वेळ संपत आला आहे. आलेल्या प्रश्नांपैकी दोन घेतो.

एका श्रोत्याने विचारले आहे, पवनचक्क्यांमुळे पाऊस पळतो का? नाही. पाऊस देणारे ढग पात्यांच्या कितीतरी वर असतात, आणि मोसमी पावसाचा आवाका शेकडो किलोमीटरांचा. पण ही समजूत साताऱ्यात होती, धुळ्याकडे होती, आता बीडमध्ये आहे, याकडे दुर्लक्ष करू नये. ज्या यंत्रातून आपल्याला काही मिळत नाही आणि जे डोळ्यांसमोर रात्रंदिवस फिरते, ते आपले काहीतरी नेत असणार असे माणसाला वाटते. काय नेते ते सांगणारे कुणी भेटले नाही, म्हणून लोकांनी पाऊस म्हटले.

दुसरा प्रश्न : करसवलतीचा हिशेब सरकार कुठे मांडते का? मांडते. २००६-०७ पासून केंद्रीय अर्थसंकल्पासोबत बुडालेल्या महसुलाचे एक विवरण येते. त्यात कंपन्यांच्या रकान्यात वेगवर्धित घसारा ही वर्षानुवर्षे सगळ्यात मोठ्या बाबींपैकी एक आहे, अर्थात सगळ्या उद्योगांची मिळून. पवनऊर्जेची वेगळी ओळ त्यात सापडत नाही, जिल्ह्याची तर नाहीच. हे विवरण अर्थ मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कुणालाही उतरवून घेता येते. बीडच्या खासदाराला त्यावर प्रश्न विचारता येतो, केजच्या आमदाराला राज्याच्या वाट्याबद्दल विचारता येतो, आणि तारांकित प्रश्नाला मंत्र्याला सभागृहात उभे राहून उत्तर द्यावे लागते.